वाट ओलांडताना

आमच्या परिचयातील एक तरुण बेळगावात अभियांत्रिकी शिकतो. देवळातील भजनी मंडळासाठी त्याने घरच्या घरी एक ध्वनिवर्धक बांधावयास घेतला. एकाच अंगाला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली फळी घ्यावयाची, जेथून वीज जावयाची तेवढे तांबे झाकून ठेवावयाचे, बाकीचे फेरिक क्लोराइडच्या पाण्यात विरघळू द्यावयाचे, आणि मग भोके पाडून एकेक भाग डाखाने बसवावयाचा, अशी ही कृती. हलशीच्या कदंबांचे ताम्रपट आपल्या जिल्ह्यातलेच. तांब्यावर दानाऐवजी वाटा कोरण्याची ही विद्या मात्र पॉल आयस्लर या व्हिएन्नाच्या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये पुढे आणली.

तीन रात्री खपून त्याने सर्व वाटा आखल्या, त्याही एकही जंपर न घालता. जंपर म्हणजे फळीच्या कोऱ्या अंगावरून घातलेली तारेची लहानशी कमान. दुसऱ्या अंगाला तिच्याखालून एखादी वाट निर्वेधपणे जाते. अशी एकही कमान आपल्या फळीवर नाही, याचा त्याला कोण अभिमान! ध्वनिवर्धक सुरू केला, तो अभंगाच्या आधी गुणगुणच ऐकू आली.

कारण शोधता सापडले. ज्या वाटेने सर्व प्रवाह परत फिरतात, जिला कारागीर ग्राउंड म्हणतात, तीच त्याने कमान टाळण्याच्या हट्टापायी फळीच्या कडेकडेने, बारीक करीत फिरवली होती. तांब्याचा थर सामान्यतः ३५ मायक्रॉन जाडीचा. लांब व अरुंद वाटेला स्वतःचा रोध असतोच. तीतून जोरदार प्रवाह परतू लागला की त्याचा उपद्रव मायक्रोफोनच्या नाजूक संकेताला होतो. सोवळे सांभाळले, पण नैवेद्य करपला, असे काहीसे झाले.

आता विचार करावयाचा तो असा, की कमान घ्यावी लागणे हा खरोखरच आखणाऱ्याचा कमीपणा आहे काय? अंगणातील रांगोळीत रेघ रेघेला छेदते आणि शोभा वाढते. तांब्यात छेद म्हणजे स्पर्श, आणि स्पर्श म्हणजे संकर. तीन घरे व तीन विहिरी यांचे जुने कोडे वाचकांस ठाऊक असेल: प्रत्येक घरातून प्रत्येक विहिरीकडे, एकही वाट दुसरीला न छेदता, सपाटीवर नेता येत नाही. कोणत्या आकृतींच्या नशिबी हा छेद अटळ, याची कसोटी पोलिश गणिती कुराटोव्स्की यांनी १९३० साली दिली. जे गणितानेच अशक्य, त्याची लाज कोणी कशाला बाळगावी? टिळकवाडीच्या रेल्वे फाटकांपाशी ज्यांनी उन्हात गाडीची वाट पाहिली आहे, ते कपिलेश्वर देवळाजवळच्या पुलाला रस्त्याची हार म्हणणार नाहीत.

तथापि प्रत्येक कमान अटळ असते, असेही नव्हे. पुष्कळदा एखादा भाग नुसता फिरवून बसवला तरी गुंता सुटतो. फळीवर असावयाचाच असा एखादा रोधक आपल्या दोन पायांमध्ये एक वाट सहज जाऊ देतो; तोच फुकटचा पूल. हे सर्व पाहण्याचा कंटाळा करून जो पहिल्याच अडचणीला तार घालतो, त्याच्या कमानीला आम्ही आळसच म्हणू. हट्ट आणि आळस यांच्या मधली जागा फार अरुंद आहे. ती सापडण्यास पुन्हा तीन रात्री लागल्या.

दुसऱ्या फळीवर ग्राउंड रुंद व सरळ गेले आणि तीन जंपर आले. एक तर केवळ लाल खुणेच्या दिव्यासाठी. वर चढण्याने ज्याचे सर्वांत कमी बिघडते, त्याने वर चढावे, हा कारागिरांचा नियम. दिव्याची त्याला हरकत नव्हती. माणसांत मात्र कोणाचे सर्वांत कमी बिघडते, हे ठरवितो कोण? बहुधा जो बोलत नाही, त्याचे काही बिघडत नाही असे गृहीत धरले जाते. आमच्या घरांत कोंकणी, देवळात मराठी, कचेरीत कन्नड. एकाच पाठीवर तीन वाटा, आणि प्रत्येक वेळी कमानीवर चढते ती कोंकणीच. तिचे त्यात काय जाते, हे आम्ही कधी मोजलेले नाही.

गुणगुण थांबली, त्या संध्याकाळी त्या तरुणाने आपल्या आजीला ग्राउंड म्हणजे काय ते समजावून सांगण्यास घेतले. पहिले वाक्य कोंकणीत झाले. दुसऱ्याला तो मराठीवर आला, तिसऱ्याला इंग्रजीवर. आजी हसली, आणि भजनाची वेळ झाली म्हणून उठली.