रोपाला श्रद्धा नसते, पण...

‘झाडाला कुठला आलाय प्लासिबो?’ होमिओपॅथीच्या बाजूचा हा युक्तिवाद मला आवडतो, कारण तो अर्धा खरा आहे. गव्हाच्या अंकुराला श्रद्धा नसते. अंकुर मोजणाऱ्याला असते. वाकडं मूळ किती ताणून मोजायचं, न रुजलेला दाणा शून्य धरायचा की वगळायचा, हे तोच ठरवतो.

३०सी म्हणजे शंभरात एक, असं ३० वेळा पातळ करणं. १ वर ६० शून्यं. मूळ द्रव्याचा रेणू साधारण १२सीच्या पुढे उरणंच अवघड. त्यामुळे फरक पडणार नाही, हे मी मोजण्याआधीच मानून बसलोय. म्हणजे पट्टी माझ्याही हातात द्यायला नको! बाटल्यांवर नुसते आकडे हवेत, आणि कशात औषध, कशात तसंच हलवलेलं साधं पाणी, हे तिसऱ्यालाच ठाऊक हवं.

माझी मावशी रक्तदाबाची गोळी सोडून थेंब घ्यायचं म्हणतेय. गव्हाच्या निकालावरून तिच्या रक्तदाबाचं काहीच ठरत नाही, म्हणून प्रयोगाआधी माझी अट एकच होती. गोळी चालू राहील. ती तिला मान्य आहे. मग मी म्हटलं, कुठला निकाल आला तर मत बदलशील, ते आधी लिहून दे.

‘देते की. पण तूही लिही.’

माझा कागद अजून कोरा आहे.