जिद्द म्हणावी की जिद?

एकच शब्द दोन भाषांत गेला की त्याचा स्वभाव बदलतो. अरबीत त्याचा अर्थ उलट किंवा विरोधी. उर्दूत तो ‘जिद’ झाला आणि त्याला हट्टाची छटा आली; जिद करणाऱ्या मुलाला घरात रागे भरतात. मराठीत मात्र तोच शब्द ‘जिद्द’ होऊन सद्गुणांच्या रांगेत जाऊन बसला. जिद्दी मुलाचा शाळेत सत्कार होतो. वर्गात उर्दू आणि वर्गाबाहेर मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांची त्यामुळे अधूनमधून पंचाईत होते. समोरच्या माणसाला शाबासकी द्यायची की समज द्यायची, हे कळत नाही.

अमेरिकेत रेसिडेन्सी मिळावी म्हणून वर्षामागून वर्षे अर्ज करीत राहणाऱ्या डॉक्टरांकडे पाहताना आमची हीच पंचाईत होते.

ज्यांना हा मामला ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एमबीबीएस झालेला डॉक्टर, मग तो लातूरचा असो, लाहोरचा असो की कैरोचा, अमेरिकेत जाऊन थेट दवाखाना उघडू शकत नाही. आधी यूएसएमएलई परीक्षेचे टप्पे, त्यावर ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र, आणि मग तिथल्या रुग्णालयात रेसिडेन्सी, म्हणजे आपल्याकडच्या निवासी डॉक्टरांसारखे काही वर्षांचे प्रशिक्षण. या जागा १९५२ पासून ‘मॅच’ नावाच्या पद्धतीने भरल्या जातात. उमेदवार पसंतीच्या रुग्णालयांची क्रमवार यादी देतो, रुग्णालये पसंतीच्या उमेदवारांची यादी देतात, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. मार्चमधल्या एका सोमवारी जुळले की नाही एवढेच कळते. कुठे जुळले ते शुक्रवारी.

२०२४ साली अशा एकूण ४१ हजारांहून अधिक जागा होत्या. अमेरिकेतल्या एमडी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्के जुळले. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आणि बाहेर शिकलेल्या डॉक्टरांपैकी ५८.५ टक्के. वरवर पाहता हे वाईट नाही. शंभरात अठ्ठावन्न म्हणजे आमच्या कितीतरी स्पर्धा परीक्षांपेक्षा बरे. पण ही टक्केवारी ज्यांनी शेवटपर्यंत यादी भरली त्यांची आहे. ज्यांना एकाही रुग्णालयाने मुलाखतीला बोलावले नाही, ते बहुधा यादी भरायच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ते या हिशेबाबाहेर राहतात. आम्ही बोलतो आहोत ते त्यांच्याबद्दल.

त्यांचा अर्ज ‘कमकुवत’ असतो म्हणजे काय असते? परीक्षेच्या एखाद्या टप्प्यात पहिल्या खेपेस नापास. पास झाले तरी गुण कमी. पदवी घेऊन सात-आठ वर्षे उलटलेली. मध्ये दोन वर्षांचा खंड. अमेरिकेतल्या रुग्णालयात काम केल्याचा अनुभव नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरचे शिफारसपत्र नाही. यातली पहिली गोष्ट सर्वांत चिवट. नापास झाल्याची नोंद पुसली जात नाही, आणि एकदा पास झाले की गुण वाढवण्यासाठी तोच टप्पा पुन्हा देता येत नाही. २०२१ पासून एका टप्प्याला सहाऐवजी चारच संधी आहेत. २०२२ च्या जानेवारीपासून पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद झाले. आता फक्त पास किंवा नापास. गुणांची शर्यत थांबावी म्हणून हा बदल झाला, असे सांगतात. पण ज्याच्या महाविद्यालयाचे नाव तिथे कोणी ऐकलेले नाही, त्याच्या हातातले एकमेव नाणे त्यामुळे गेले.

आमच्याकडेही दहावीची फेरपरीक्षा असते. जुलैत पास झालेला मुलगा पासच असतो, पण गुणपत्रिकेवर जुलै छापलेले असते आणि वाचणाऱ्याला ते बरोबर दिसते. तरी तो अकरावीला जातो, पुढे शिकतो, आणि दहा वर्षांनी कोणी त्याला महिना विचारीत नाही. तिकडे विचारतात.

रुग्णालयाची बाजू आम्हाला समजते. वीस जागांसाठी काही हजार अर्ज आले तर एकेक अर्ज कोण वाचणार? संगणकात चाळणी लावली जाते: पदवी पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर बाजूला, एकदा नापास असेल तर बाजूला. निवासी डॉक्टरच्या हाती रात्री-अपरात्री माणसांचे जीव असतात, तेव्हा निवड कडक असलीच पाहिजे. पण चाळणी म्हणजे निवाडा नव्हे. आपण गहू चाळतो तेव्हा चाळणीतून सांडलेला प्रत्येक दाणा किडका होता, असे म्हणत नाही; तो लहान होता एवढेच म्हणतो. चूक तिथे होते जिथे चाळणी लावणारा स्वतःला काझी समजू लागतो, आणि त्याहून मोठी चूक तिथे, जिथे बाहेर पडलेला डॉक्टर स्वतःलाच किडका दाणा समजू लागतो.

अर्जाची ताकद ही डॉक्टरच्या अंगची गोष्ट नसते, याचा पुरावा अमेरिकेनेच दिला. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने माणसे मरू लागली तेव्हा न्यू जर्सी राज्याने परदेशात परवाना असलेल्या डॉक्टरांना तात्पुरते परवाने देऊ केले. टेनेसी राज्याने २०२३ साली कायदा केला की अनुभवी परदेशी डॉक्टरांना काही अटींवर तिथली रेसिडेन्सी न करताही तात्पुरता परवाना मिळावा. २०२४ च्या मॅचमध्ये फॅमिली मेडिसिन आणि बालरोग या शाखांच्या शेकडो जागा पहिल्या फेरीत रिकाम्या राहिल्या. म्हणजे गरज वाढली की कालचा दुबळा अर्ज आज पुरेसा होतो. डॉक्टर तोच असतो.

याच्या उलटही घडते. जानेवारी २०२४ अखेर नेपाळशी संबंधित शेकडो परीक्षार्थींचे यूएसएमएलईचे निकाल एकदम रद्द केले गेले. गुणांचा नमुना संशयास्पद आहे, पेपर आधी फुटला असावा, असे कारण होते. फेरपरीक्षेचा मार्ग दिला गेला. काही डॉक्टर वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेले; आमच्या देशामुळे आम्हाला वेगळे काढले, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. यात कोणी पेपर पाहिला असेलही. परीक्षा घेणाऱ्यांची काळजी खोटी म्हणता येत नाही, कारण फुटलेल्या पेपरावर पास झालेला डॉक्टर रुग्णाला धोका आहे. पण रात्र-रात्र जागून अभ्यास केलेल्या एखाद्या मुलीने आपण प्रामाणिक आहोत हे कसे सिद्ध करावे? आडनाव ऐकून घरभाड्याची बोलणी थांबल्याचा अनुभव असलेल्या वाचकांना हा प्रश्न अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. त्या दिवशी चांगले भक्कम अर्ज एका रात्रीत कमकुवत झाले.

व्हिसाचे तर विचारूच नका. जून २०२५ मध्ये बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी झाली. त्यात सुदान, येमेन, लिबिया, सोमालिया, इराण, अफगाणिस्तान होते. मार्चमध्ये जुळलेला आणि जुलैत रुजू व्हायचा असलेला डॉक्टर अशा वेळी काय करतो?

आमची एक माजी विद्यार्थिनी आहे. उर्दू शाळेतून सरकारी मेडिकल कॉलेजात गेली. लग्न झाले, मूल झाले, दोन वर्षे गेली. पहिला टप्पा दुसऱ्या खेपेस पास. दोनदा अर्ज केले, मुलाखत एकही नाही. तिचे पती साथ देतात, पण अब्बांनी जमिनीचा तुकडा विकला आहे हे ती विसरू शकत नाही. तिने आम्हाला विचारले, “अब ये मेरी जिद हो गई है क्या?” आम्ही तिला उलट विचारले की मागच्या वर्षीच्या अर्जात आणि यंदाच्या अर्जात काय फरक आहे. ती गप्प राहिली. मग म्हणाली की एकाने पैसे घेऊन तीन शोधनिबंधांवर नाव घालून देतो म्हटले आहे.

खरा नैतिक प्रश्न आम्हाला इथे दिसतो. दुबळा अर्ज करणे हा गुन्हा नाही. तो दहा वेळा करणे हाही नाही. पण जिथे प्रामाणिक माणसाचा अर्ज वाचलाच जात नाही, तिथे विकत घेतलेले निबंध, स्वतःच लिहून दुसऱ्याची सही घेतलेली शिफारसपत्रे आणि उम्मीद विकणारे सल्लागार यांची दुकाने चालतात. न केलेल्या संशोधनावर नाव घालणारा डॉक्टर उद्या न केलेली तपासणी केसपेपरवर लिहील की नाही, याची हमी कोण देईल? आम्ही तिला तसे स्पष्ट सांगितले. ती रागावली नाही.

जिद्द आणि जिद यांतला फरक आम्हाला इतकाच कळला आहे. जिद्दीत माणूस स्वतः बदलतो, जिदीत तो फक्त जगाने बदलावे म्हणून वाट पाहतो. हा फरक बाहेरच्याला दिसत नाही, कारण दोघांचे अर्ज सारखेच असतात. शिवाय पैसा कोणाचा जातो आहे, हेही पाहावे लागते. स्वतःच्या कमाईवर केलेला चौथा प्रयत्न आणि बहिणीच्या लग्नाच्या पैशांवर केलेला चौथा प्रयत्न यांना एकच नाव देता येणार नाही.

काही मंडळी म्हणतात, सरकारी पैशाने शिकून बाहेर जायचेच कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण तो भक्कम अर्जवाल्यांना कोणी विचारीत नाही. त्यांचे पेपरात फोटो येतात. आणि गंमत अशी की जे-१ व्हिसावर गेलेल्याला प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ती टाळायची तर १९९४ पासूनच्या एका योजनेखाली डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते. इकडच्या तालुक्यात जायला नको म्हणणारा डॉक्टर मग तिकडच्या तालुक्यात जातो.

एक मागणी मात्र आम्हाला रास्त वाटते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली परीक्षार्थींना माहिती अधिकाराखाली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. आमच्या शाळेतली मुलेही आता झेरॉक्स मागवतात, आणि कुठे गुण गेले हे बोट ठेवून दाखवतात. दीडशे रुग्णालयांकडे पैसे भरून अर्ज करणाऱ्या डॉक्टरला मात्र आपण कुठे कमी पडलो हे बहुधा कोणी कळवीत नाही. चाळणीत अडकला की वाचून बाजूला ठेवला, एवढे जरी कळले, तरी पुढच्या सप्टेंबरात पुन्हा अर्ज भरावा की न भरावा, हे तो स्वतः ठरवू शकेल.