नित्यकर्म आणि जुना प्रोसेसर

यज्ञाची सगळी अंगे (मुख्य कर्माला जोडलेले विधी) ज्याला जमत नाहीत त्याने तो करावा की नाही, असा व्यवहारी प्रश्न जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात येतो. उत्तर दुहेरी आहे. फळाच्या इच्छेने केलेले काम्य कर्म सर्वांगांनी व्हावे, नाहीतर करू नये. नित्य कर्म मात्र चुकवता येत नाही. अंगे यथाशक्ति, पण प्रधान कर्म झालेच पाहिजे.

असाच प्रश्न जुन्या प्रोसेसरवर येतो. एईएस ही एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर गुप्त करण्याची, पद्धत अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण मानली. २०१० मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांत तिच्यासाठी खास सूचना (इन्स्ट्रक्शन) आल्या. इंटेलच्याच २००६ च्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरात त्या नाहीत. केवळ नव्या यंत्राचा विचार करून कंपाइल केलेला प्रोग्रॅम तिथे पहिल्याच अशा सूचनेला अडतो. लिनक्स ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणते आणि तो बंद पडतो. हा प्रश्न केवळ वयाचाही नाही. २०१९ मध्ये आलेल्या स्वस्त रास्पबेरी पाय ४ या संगणकातही एईएसच्या सूचना नाहीत.

मग गुप्तता काम्य की नित्य? वेग हे फळ आहे. ते हवे त्याने नवे यंत्र घ्यावे, हे रास्त. पण बँकेचा पासवर्ड, आजारपणाचे कागद, घरी पाठवलेला निरोप झाकलेला राहणे हे कुणाच्या ऐपतीवर सोडता येणार नाही. ते नित्यच.

विरोधी बाजूतही वजन आहे. खास सूचनांशिवाय, स्मृतीतल्या तक्त्यांवर चालणाऱ्या एईएसला लागणाऱ्या वेळावरून गुप्त किल्ली काढता येते, हे डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ मध्ये दाखवले. म्हणजे अंग सोडताना प्रधानच निसटण्याची भीती.

तरी वाट निघाली. माइक हॅम्बर्ग यांनी २००९ मध्ये कोअर टू ड्युओलाही येणाऱ्या सूचनांवर, वेळेतून काही न फुटणारे एईएस मांडले. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने ती पद्धत घेतली. प्रोसेसरला काय येते हे ओपनएसएसएल आधी तपासते. काही एआरएम यंत्रांवर तर सूचना चालवून पाहते आणि नकार आला तर तो झेलून दुसऱ्या मार्गाने जाते. असे लिहायला कष्ट पडतात, चाचण्या वाढतात. पण ते कष्ट कर्तव्याचाच भाग आहेत.

एन्क्रिप्शन फार मंद चालणाऱ्या स्वस्त फोनना अँड्रॉइडने त्याची सक्ती माफ केली होती. ही सवलत दिसायला दयाळू, पण तिने गरीब ग्राहकाला कर्माबाहेरच ठेवले. २०१९ मध्ये गूगलने एडियँटम हे एन्क्रिप्शन जाहीर केले. एईएसच्या सूचना नसलेल्या कॉर्टेक्स-ए७ प्रोसेसरवर ते एईएसच्या सुमारे पाचपट वेगाने चालते. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनसाठी ही माफी उरली नाही.