मांजराचें छायाचित्र

आमचे एक स्नेही तत्त्वज्ञानाचे अध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि कोणतीही गोष्ट शंका काढल्यावांचून त्यांस गोड लागत नाहीं. त्यांस आम्हीं एकदां मोठ्या हौसेनें आमच्या बोक्याचीं छायाचित्रें दाखविलीं. मोबाइलमध्यें तीं हजारावर होतीं. खिडकींत बसलेला बंड्या, कपड्यांच्या घडीवर निजलेला बंड्या, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर पाय पसरून आमचें परीक्षणाचें काम सक्तीनें थांबविणारा बंड्या! पन्नाससाठ चित्रें त्यांनीं सौजन्यानें पाहिलीं आणि विचारलें, "इतकें सगळें टिपलेंत, पण या प्राण्यास आपण पाहिलें केव्हां?" आम्ही हंसलों व चहा मागविला. तो प्रश्न त्या वेळीं आम्हांस केवळ शाब्दिक कोटी वाटला. तो तसा नव्हता हें पुढें जें घडलें त्यानें शिकविलें; आणि म्हणूनच, विषय वरकरणी पोरकट दिसला तरी, तो वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहों.

मांजराचें चित्र काढण्याचा हव्यास आजकालचा नव्हे. छायाचित्रणाची कला स्वतःच अजून बाल्यावस्थेंत होती त्या काळीं, 1870 च्या सुमारास, इंग्लंडांतील ब्रायटन शहरीं हॅरी पॉइंटर नांवाच्या छायाचित्रकारानें मांजरांस तिचाकीवर बसवून, चहाच्या पेल्यांपुढें मांडून सुमारें 200 चित्रें काढलीं व त्यांखालीं विनोदी वाक्यें घालून तीं विकलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत हॅरी व्हिटियर फ्रीस यानें पिल्लांस झबलीं-टोपडीं घालून तोच धंदा अधिक भरभराटीस आणला. 1894 सालीं पॅरिस येथें एतियेन-जूल मारे या शास्त्रज्ञानें मांजराचे चारी पाय धरून त्यास उलटें सोडविलें, आणि तें हवेंतल्या हवेंत वळून पायांवर कसें उतरतें याचीं एकामागून एक चित्रें घेतलीं. विद्वानांस त्या चित्रांनीं चांगलेंच कोड्यांत टाकलें. आणि 'नेचर' या इंग्रजी शास्त्रीय नियतकालिकानें, मांजराच्या मुद्रेवर अपमान दिसतो, त्यास संशोधनाची गोडी नसावी, अशा अर्थाचा शेराही मारला. 1948 सालीं फिलिप हाल्समन यानें चित्रकार दाली याचें जें प्रसिद्ध छायाचित्र घेतलें, त्यांत तीन मांजरें अधांतरीं आहेत. तें एका फेकींत साधलें नाहीं. 25 हून अधिक वेळां तीं मांजरें, आणि त्यांबरोबर बादलीभर पाणी, हवेंत उडविण्यांत आलें.

हें वाचून कोणाही सहृदय मनुष्यास संताप येतो, आणि त्या संतापांत एक सोयही असते. आपण मांजरास फेकीत नाहीं, झबलें घालीत नाहीं. तें जसें आहे तसें दुरून टिपतों. तेव्हां आपण निर्दोष, असा निकाल स्वतःच्या बाजूनें लावून आपण मोकळे होतों. निदान आम्हीं तरी तसा लावला होता.

मांजराच्या चित्राची सारी मोहिनी त्याच्या डोळ्यांत असते, आणि डोळ्यांविषयींच आमची सर्वांत मोठी चूक झाली. म्हणून त्यांविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. अर्धवट मिटलेल्या मार्जारनेत्रांविषयीं आपल्या लोकांचें मत कधींच चांगलें नव्हतें. मांजर डोळे मिटून दूध पितें, ही म्हण पोरासोरांच्याही तोंडीं असते. मनुस्मृतींत दांभिकास 'बैडालव्रतिक' अशी संज्ञा आहे. महाभारताच्या उद्योगपर्वांत गंगातीरीं तपाचें ढोंग करून उंदीर फस्त करणाऱ्या मांजराची कथा आहे. आणि महाबलिपुरम् येथील सातव्या शतकांतील प्रचंड शिलापटावर तसेंच एक मांजर मागल्या पायांवर उभें राहून तप करीत आहे व उंदीर त्याच्या पायांशीं जमले आहेत. पूर्वजांनीं मिटल्या डोळ्यांत दंभ वाचला. आमच्या पिढीनें त्यांत प्रेम वाचलें, आणि तें अगदींच निराधार नाहीं. टक लावून पाहणें हें मांजरांत आव्हान समजलें जातें. उलट, मनुष्यानें डोळे सावकाश बारीक करून मिटले तर मांजरही बहुधा तसेंच उत्तर देतें व अशा मनुष्याजवळ येण्यास अधिक राजी असतें, असें 2020 सालीं इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखविलें. हें वाचल्यापासून आमच्या घरीं डोळे मिटण्याचा एक विधीच सुरू झाला होता. कॅमेऱ्याचें भिंग मात्र कधीं मिटत नाहीं. मांजराच्या दृष्टीनें तो एक वाटोळा, न लवणारा डोळा आहे. त्याच्यासमोर मांजराचे डोळे मिटले, तर तें प्रेमाचें उत्तर कोणास, हा प्रश्न आमच्या मनांत यावयास हवा होता. तो आला नाहीं.

एका पावसाळी संध्याकाळीं बंड्या मोरीच्या दारांत अंग चोरून बसला होता. मान खांद्यांच्या खालीं गेलेली, कान किंचित् बाजूंस वळलेले, डोळे अर्धे मिटलेले. ढग क्षणभर फांकले होते, आणि खिडकींतून आलेला तिरपा प्रकाश त्याच्या तांबूस अंगावर असा कांहीं पडला होता कीं, आम्हीं हातांतील वर्तमानपत्र टाकून लागोपाठ तीन चित्रें घेतलीं. त्यांतील सर्वांत चांगलें नागपुरास आमच्या कन्येस पाठविलें, आणि खालीं लिहिलें, 'स्वारी समाधींत.' तिचें कौतुकाचें उत्तर आलें. स्वयंपाकघरांतून आमच्या पत्नीनें सांगितलें, "अहो, आज हा सारखा मोरीकडे जाऊन येतो आहे." आम्हीं म्हटलें, "गार फरशी आवडत असेल."

सकाळीं तो उठेना. डॉक्टरांनीं पोटास हात लावतांच सांगितलें कीं लघवी अडली आहे. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो बारीक खड्यांनीं किंवा चिकट गाळानें बंद झाला म्हणजे मूत्राशय तुंबतो, रक्तांतील पोटॅशियम वाढतें आणि शेवटीं हृदय थांबतें. एका-दोन दिवसांत सर्व आटोपतें. वेळींच आणलेले पुष्कळसे वांचतात. "हें केव्हांपासून चाललें आहे?" असें त्यांनीं विचारलें, तेव्हां आम्हीं मोबाइल काढून चित्रावरची वेळ पाहिली. 6 वाजून 40 मिनिटें. डॉक्टरांनीं तें चित्र पाहिलें. बोलले मात्र कांहीं नाहींत. त्यांनीं नळी घातली, सलाइन लावलें. दुपारीं बंड्या गेला.

पुढें कित्येक दिवसांनीं आमच्या वाचनांत आलें कीं, कॅनडांतील माँट्रिऑल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनीं 2019 सालीं मांजराच्या चेहऱ्यावरून त्याची वेदना मोजण्याचें एक माप प्रसिद्ध केलें आहे. कानांची ठेवण, डोळ्यांचें आवळणें, तोंडाचा ताण, मिशांचा रोख आणि खांद्यांच्या मानानें डोक्याची उंची, या पांच गोष्टींस प्रत्येकीं 0 ते 2 गुण द्यावयाचे. 10 पैकीं 4 किंवा अधिक भरले तर वेदनाशामक औषधाचा विचार करावयाचा. ज्याचें निम्मेंअधिक आयुष्य गुण देण्यांत गेलें त्यास ही रीत समजावयास वेळ लागला नाहीं. आम्हीं तें चित्र उघडलें. मिशा नीट दिसत नव्हत्या, म्हणून तेथें शून्य धरलें. बाकीच्या चारांचे मिळून 7 झाले.

हें माप चलच्चित्रांतून घेतलेल्या स्थिर चित्रांवरूनच बसविलेलें आहे, हें लक्षांत आल्यावर कॅमेऱ्यावर दोष ढकलण्याची वाटही बंद झाली. आमच्या चित्रांत सर्व होतें. कान होते, मान होती, तेच अर्धे मिटलेले डोळे होते, ज्यांत पूर्वजांनीं दंभ पाहिला असता, आम्हीं समाधि पाहिली, आणि जाणत्यानें वेदना पाहिली असती. आम्हांस पशुवैद्यक येत नाहीं, हा बचाव एका मर्यादेपर्यंत खरा आहे. न येणाऱ्या विद्येबद्दल कोणी कोणास पापी म्हणत नाहीं. परंतु आमच्या पत्नीसही पशुवैद्यक येत नाहीं. 'सारखा जाऊन येतो आहे' एवढेंच ती म्हणाली, आणि रोगाचें मुख्य लक्षण नेमकें तेंच होतें. तिच्याजवळ चित्र नव्हतें. तिच्याजवळ सबंध दिवस होता. आम्हीं त्या दिवसांतून एक क्षण कापून घेतला, त्यास 'सुंदर' असें नांव दिलें, आणि नांव दिल्याबरोबर आमची चौकशी संपली.

आयरिस मर्डॉक या विदुषीनें 1970 सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, नीतीचा आरंभ कृतीपासून नव्हे, तर लक्षपूर्वक, न्यायानें व प्रेमानें पाहण्यापासून होतो. तिचा दाखला प्रसिद्ध आहे. मनुष्य आपल्याच दुखावल्या अहंकारांत बुडून खिडकीशीं उभा आहे. इतक्यांत त्यास आकाशांत एका जागीं तरंगणारा ससाण्याच्या जातीचा एक पक्षी दिसतो, आणि त्या दर्शनांत त्याचा 'मी' क्षणभर नाहींसा होतो. हा विचार आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविला, आणि आजही तो आम्हांस मोलाचा वाटतो. पण बंड्यानंतर त्यांत एक खोंच दिसूं लागली. त्या संध्याकाळीं आमचाही 'मी' नाहींसा झालाच होता. प्रकाश व रंग यांखेरीज दुसरें कांहीं मनांत नव्हतें. आकाशांतील पक्ष्यास आपल्याकडून कांहींच नको असतें, म्हणून त्याचें सौंदर्य पाहिलें कीं पुरतें. मोरीच्या दारांत बसलेल्या प्राण्यास आमच्याकडून कांहीं हवें होतें. तेथें सौंदर्यानें 'मी' पुसला, आणि त्याबरोबर मांजरही पुसलें.

मग परक्या मांजराचें काय? प्रवासांत आपण जीं मांजरें टिपतों तीं बहुधा घरच्या मांजरापेक्षां चित्रांत सरस उतरतात, आणि त्याचें कारण उघड आहे. आपणांस त्यांचा काल ठाऊक नसतो व उद्यां आपण तेथें नसतों. जपानांतील आओशिमा या लहानशा बेटावरील मांजरांचे थवे आतां चित्रांमुळें जगाच्या ओळखीचे झाले आहेत. परंतु तेथें माणसें मात्र मूठभर वृद्धच उरलीं, आणि 2018 सालीं तेथील मांजरांची सरसकट नसबंदी करावी लागली, ही गोष्ट त्या चित्रांत कोठें दिसणार?

बंड्या गेल्यानंतर दोन वर्षांनीं एका परिषदेच्या निमित्तानें आमचें इस्तंबूलला जाणें झालें. तें शहर मांजरांचें म्हणून प्रसिद्धच आहे. आया सोफियाच्या भव्य वास्तूंत ग्ली नांवाची मांजरी राहत असे. 2020 च्या नोव्हेंबरांत ती मरण पावली, तोंवर असंख्य प्रवासी तिचें चित्र घेऊन गेले. बॉस्फरसच्या आशियाई तीरावर काडिकॉय भागांत टोंबिली नांवाचें एक लठ्ठ मांजर होतें. पायरीला कोपर टेकून, एखाद्या निवृत्त गृहस्थासारखें तें रस्त्याकडे पाहत बसे. त्या बैठकीच्या एका चित्रानें तें जगभर पोंचलें. 2016 सालीं तें वारलें, आणि त्याच वर्षीं 4 ऑक्टोबर रोजीं त्याच जागीं त्याच पवित्र्यांत त्याचा पुतळा बसविण्यांत आला. नोव्हेंबरांत तो चोरीस गेला व थोड्याच दिवसांत परतही आला! आम्ही मुद्दाम तेथवर जाऊन तो पाहिला. ज्या शेजाऱ्यांनीं त्या मांजरास वर्षानुवर्षें खाऊं घातलें, त्यांच्या आठवणींत त्याच्या किती तरी बैठका असतील. पण धातूंत उतरली ती चित्रांतली.

तेथून परततांना एका लहानशा वाणसामानाच्या दुकानापुढें, फळांच्या रिकाम्या पेटीवर, एक करड्या पट्ट्यांची मांजरी बसलेली दिसली. उजेड उत्तम होता. हात संवयीनें खिशाकडे गेला, आणि आम्ही दोन पावलें पुढें झालों. इतक्यांत आंतून दुकानाच्या मालकीणबाई बाहेर आल्या. आम्हांस तुर्की येत नाहीं, त्यांस इंग्रजी येत नव्हतें. त्यांनीं स्वतःच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला, मांजरीकडे बोट केलें, मान हलविली, आणि आमची बाही धरून आम्हांस वळसा घालून पलीकडच्या बाजूस नेलें. मांजरीचा डावा डोळा पांढुरका झालेला होता. आम्ही ज्या बाजूनें जात होतों तेथून तिला कांहींच दिसत नव्हतें. आणखी एक पाऊल, आणि ती दचकून रस्त्यावर उडी टाकती. रस्ता रहदारीचा होता.

बाईंनीं एक बुटकें स्टूल पुढें सरकविलें व चहा आणला. आम्ही तेथें अर्धा तास बसलों असूं. मांजरी आमच्याजवळ आली नाहीं. गिऱ्हाईक आलें कीं ती कान तेवढा फिरवी, आणि बाई तिच्या उजव्या अंगानेंच जात-येत. निघण्यापूर्वीं आम्हीं खुणेनें विचारून एक चित्र घेतलें. तें चांगलें आलेलें नाहीं. त्यांत मांजरीची पाठ आहे, बाईंचा हात आहे, आणि निम्मी चौकट टोमॅटोंनीं भरली आहे.

तें आमच्या स्नेह्यांस दाखविलें, तेव्हां त्यांनीं कोणतीही शंका काढली नाहीं. मांजरीचें वय काय असेल, एवढेंच विचारलें. कन्या अधूनमधून म्हणते, "बाबा, तें बंड्याचें शेवटचें चित्र पुसून टाका ना." तें अद्याप पुसलें नाहीं. घरीं सध्यां मांजर नाहीं. परसांत एक काबरी मांजरी येऊं लागली आहे. मागल्या आठवड्यापेक्षां तिचें पोट मोठें दिसतें, व अडगळीच्या खोलींत जुनी चादर अंथरून ठेवावी, असें आमच्या पत्नीचें म्हणणें आहे. चादर आम्हीं काढून ठेवली आहे.