कल्पित माणसाशी न्याय



आपल्या घरांतील मुले-मुली आता मराठीत कथा लिहू लागली आहेत. कुणी महाविद्यालयाच्या वार्षिकांकात लिहिते, कुणी एकांकिका स्पर्धेसाठी. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तिच्यासोबत एक प्रश्नही घरात येतो आणि तो बहुधा वडीलधाऱ्यांच्या तोंडून येतो. जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याला नाव द्यायचे, गाव द्यायचे, त्याच्या तोंडी शब्द घालायचे, तो रडला म्हणायचे, तो पस्तावला म्हणायचे. हे असत्य नव्हे काय? असत्याविषयी इस्लामची भूमिका इतकी कठोर आहे की हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. केवळ लोकांना हसवण्यासाठी खोटे बोलणाऱ्याचाही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निषेध केला आहे.

म्हणून प्रथम असत्य कशाला म्हणावे, ते पाहू. जे घडले नाही ते घडले असे ऐकणाऱ्याने मानावे, या हेतूने बोलणे म्हणजे असत्य. त्यात फसवणूक असते. कथा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात मात्र आरंभीच एक समजूत झालेली असते. कोल्हा सिंहाशी बोलला असे सांगितले, तर लहान मूलही जंगलात जाऊन त्या कोल्ह्याचा शोध घेत नाही. आपल्याच देशातील पंचतंत्राच्या कथा पहलवी भाषेतून इब्नुल मुकफ्फा यांनी इसवी सनाच्या आठव्या शतकात अरबीत आणल्या. ‘कलीला व दिम्ना’ या नावाने त्या मुस्लिम जगभर वाचल्या गेल्या. बोलणाऱ्या प्राण्यांमुळे त्यांचा लेखक खोटारडा ठरला नाही.

हाच मुद्दा बसरा येथील विद्वान अल-हरीरी (१०५४–११२२) यांनी आपल्या ‘मकामात’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मांडला आहे. या ग्रंथातील पन्नास प्रसंगांत अबू जैद सरूजी नावाचा एक वृद्ध, वाक्चतुर भटक्या वेष बदलून गावोगावी लोकांना भुलवतो, पैसे उकळतो आणि निसटतो. हारिस बिन हम्माम नावाचा निवेदक त्याची हकीकत सांगतो. आपल्यावर आक्षेप येणार, हे अल-हरीरी ओळखून होते. मुक्या प्राण्यांच्या तोंडच्या बोधकथा ऐकण्यास कुणी नकार दिल्याचे किंवा त्या सांगणाऱ्यांना कुणी पापी ठरवल्याचे ऐकिवात नाही, असे ते विचारतात आणि निर्णय नीयतीवर सोपवतात. हा ग्रंथ पुढे अरबी भाषेच्या विद्यार्थ्यांनी शतकानुशतके अभ्यासला.

मात्र येथे एक सीमा आहे आणि ती ठळकपणे आखली पाहिजे. ऐकणारा ज्या क्षणी कथेला हकीकत समजू लागतो आणि सांगणारा ते जाणूनही गप्प राहतो, त्या क्षणी कथा असत्य होते. प्रेषितांच्या (स.) नावावर हेतुपुरस्सर खोटे खपवणाऱ्यास नरकाग्नीचा इशारा आहे. जुन्या काळी मशिदींत गर्दी जमवणारे काही कथेकरी श्रोत्यांना रडवण्यासाठी प्रसंग रचत आणि त्यांना हदीसचे रूप देत. इमाम इब्नुल जौजी (मृत्यू १२०१) यांनी अशा कथेकऱ्यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आजही मोबाइलवर ‘सत्यघटना’ या मथळ्याखाली एखाद्या बादशहाची, बुजुर्गाची किंवा परदेशातील कुणा डॉक्टरची भावुक गोष्ट येते आणि आपण ती चांगल्या भावनेने पुढे पाठवतो. विचार करा, यांपैकी अधिक दोषी कोण? ‘ही माझी कथा आहे’ असे प्रामाणिकपणे सांगणारी मुलगी, की रचलेल्या गोष्टीला सत्याचा शिक्का मारून दहा घरी धाडणारे आपण?

कथा लिहिणे हे मुळातच असत्य नाही, एवढे येथवर स्पष्ट झाले. परंतु एवढ्याने लेखकाची जबाबदारी संपत नाही. किंबहुना तिचा कठीण भाग येथून सुरू होतो.

काही पात्रे वाचताना जिवंत वाटतात आणि काही कागदाचीच राहतात. असे का व्हावे? उर्दूतील एक सर्वपरिचित उदाहरण घेऊ. डेप्युटी नजीर अहमद यांनी १८६९ साली ‘मिरातुल उरूस’ लिहिली. तिच्यात अकबरी आणि असगरी या दोन बहिणी आहेत. असगरी सुगृहिणी आहे. ती हिशेब ठेवते, घरातील चोरी उघडकीस आणते, वस्तीतील मुलींना शिकवते. तिचे पाऊल कधी चुकत नाही. अकबरी नानीच्या लाडात वाढलेली, तापट, सासरपासून वेगळे बिऱ्हाड मागणारी. एका हज्जनबाईच्या गोड बोलण्याला भुलून ती आपले दागिने गमावून बसते. लेखकाला वाचकांपुढे ठेवायची होती असगरी. पण पुस्तक मिटल्यावर डोळ्यांपुढे अकबरीच अधिक राहते. कारण अकबरीला काहीतरी हवे आहे आणि ते तिला मिळत नाही. तिच्या हट्टामागे तिचे बालपण दिसते. असगरीच्या मनात एखाद्या रात्री तरी थकवा, मत्सर किंवा शंका येत असेल. पण लेखक आपल्याला तेथवर नेत नाही. तिच्यात दोष नाही, म्हणून तिच्यात झगडाही नाही.

येथे कुणी म्हणेल की वाईट माणूस रंगवणे सोपे असते, त्यात नवल ते काय? मग दिव्य कुरआनातील सूरह युसूफ पुन्हा एकदा वाचा. ही कल्पित कथा नव्हे, हे सत्यकथन आहे आणि कोणत्याही लेखकाच्या रचनेशी त्याची तुलना होऊ शकत नाही. परंतु माणसाकडे कसे पाहावे, हे शिकण्यासाठी याहून मोठी पाठशाळा नाही. हजरत युसूफ (अ.) यांच्या भावांचा कट पाहा. वडिलांचे प्रेम आपल्या वाट्याला यावे, ही त्यांची इच्छा आहे. इच्छेच्या मुळाशी प्रेमच आहे, पण ते कुजलेले. आणि कट रचतानाच ते स्वतःला समजावतात की हे काम उरकल्यावर आपण सज्जन होऊन राहू (आयत ९). उद्याच्या पश्चात्तापाच्या भरवशावर आजचा गुन्हा करणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. आरशातही पाहिला असेल. त्या भावांतही सगळे सारखे नाहीत. त्यांतलाच एक म्हणतो, ठार मारू नका, विहिरीत टाका. शिवाय त्यांनी सांगितलेली लांडग्याची बतावणी वडिलांनीच बोलून दाखवलेल्या भीतीतून उचललेली आहे. खोटे बोलणारा माणूस बहुधा ऐकणाऱ्याच्या मनातलेच साहित्य वापरतो. पुढे अजीजची पत्नी भर दरबारात आपला अपराध कबूल करते. जिने आरोप रचला, तिच्याच मुखातून सत्य बाहेर पडते.

यातून लेखकासाठी एक साधा नियम हाती येतो. कोणतेही पात्र उभे करताना त्याला तीन प्रश्न विचारावेत. तुला काय हवे आहे? तुला कशाची भीती वाटते? आणि चुकीचे काम करताना तू स्वतःला कोणती सबब सांगतोस? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘मी आता वाईट काम करतो’ असे म्हणून फार थोडे लोक वाईट काम करतात. सावकार म्हणतो, मी अडल्यानडल्यांना मदत करतो. हुंडा घेणारा बाप म्हणतो, मी कुठे मागितले, त्यांनी आनंदाने दिले. नफ्स प्रत्येकाला त्याच्या मापाचे कारण शिवून देतो. ती सबब लेखकाला सापडली नाही, तर त्याचे पात्र खोटे ठरते. आणि वाचकाला ती सापडली, तर त्याला स्वतःच्या सबबीही ओळखू येऊ लागतात. कथेचा नैतिक उपयोग मला येथे दिसतो. शेवटच्या परिच्छेदातील उपदेशात तो क्वचितच असतो.

परंतु ही माणसे आणायची कोठून? अर्थात पाहिलेल्या माणसांतूनच. येथे दुसरी सीमा येते. दिव्य कुरआनने कुशंका, हेरगिरी आणि गीबत यांची एकाच आयतीत मनाई केली आहे (४९:१२). शेजारच्या घरातील भांडण ऐकायचे, सुनेचे नाव बदलायचे आणि ते कथेत लिहायचे. मोहल्ल्यातील प्रत्येकाला ते घर ओळखू येत असेल, तर नाव बदलल्याने गीबतीचे स्वरूप बदलत नाही. आणि त्यात रंगत आणण्यासाठी न घडलेले चार प्रसंग जोडले असतील, तर तो बुहतान, म्हणजे खोटा आळ होतो. मग मार्ग कोणता? अल-हरीरींविषयी अशी परंपरागत हकीकत आहे की बसऱ्यातील बनू हराम मोहल्ल्याच्या मशिदीत एकदा फाटक्या वस्त्रांतला एक वृद्ध आला. त्याने सरूज गावाच्या विध्वंसाची आणि कैदेत पडलेल्या आपल्या मुलीची कहाणी अशा भाषेत सांगितली की उपस्थित विद्वान थक्क झाले. त्यातून अबू जैद जन्मला. लेखकाने त्या वाटसरूचा आवाज घेतला, पण त्याची अब्रू घेतली नाही. त्याने पन्नास प्रसंग रचले आणि त्यांतून नवाच माणूस उभा केला. एकाची चाल, दुसऱ्याची बोली, तिसऱ्याचे दुःख आणि यांत स्वतःच्या मनातील खोट मिसळली की पात्र कुणा एकाचे राहत नाही. स्वतःची खोट वापरण्यास कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरी गोष्ट न्यायाची आहे आणि माझ्या मते हीच या प्रश्नाची कसोटी आहे. एखाद्या समूहाविषयीच्या वैराने तुम्हाला अन्यायास प्रवृत्त करू नये, अशी आज्ञा आहे (५:८). मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत ठरावीक साच्यातला मुसलमान पाहून आपल्याला किती वेळा वाईट वाटले आहे! एकतर हातात सुरा, नाहीतर तोंडात दोन-चार चुकीचे उर्दू शब्द आणि काळजात सोने असलेला चाचा. दोन्ही पात्रे खोटीच. त्याला कर्जाचा हप्ता नाही, मुलीच्या बारावीच्या निकालाची काळजी नाही, कोकणातली किंवा मराठवाड्यातली बोली नाही. ही तक्रार रास्त आहे. पण मग आपल्या लेखणीतून उतरणारी माणसे कशी असतात? आपल्या कथेतील आधुनिक शिक्षण घेतलेली तरुणी नेहमी वाट चुकलेलीच का असते? दुसऱ्या धर्माचा शेजारी एकतर शत्रू किंवा शेवटच्या पानावर आपली थोरवी मान्य करणाराच का असतो? दुसऱ्या पंथाचा मौलवी नेहमी लोभीच का? ज्याच्याशी आपला मतभेद आहे, त्याने ती कथा वाचली तर त्याला वाटले पाहिजे, ‘होय, मी असाच विचार करतो.’ त्याचा सर्वांत बळकट युक्तिवाद त्याच्या तोंडी घालण्याचे धैर्य नसेल, तर आपण न्यायाधीश होऊन आरोपीचे तोंड बांधले, असेच म्हणावे लागेल.

आता एक आक्षेप उरतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पापी माणसाला इतके जवळून समजून घेतले, तर पापाविषयीची घृणा कमी होणार नाही काय? हा धोका खरा आहे. जी कथा पापाला सजवते आणि त्याचे परिणाम झाकते, ती वाचकाचे नुकसान करते. परंतु पापाला समजून घेणे आणि पाप्याला समजून घेणे यांत अंतर आहे. सहीह बुखारीतील एक प्रसंग पाहा. प्रेषितांना (स.) हसवणारा एक मनुष्य मद्यपानासाठी वारंवार शिक्षा भोगत असे. एकदा कुणीतरी त्याला शाप दिला. प्रेषितांनी (स.) शाप देणाऱ्यास रोखले आणि सांगितले की हा मनुष्य अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो. शिक्षा माफ झाली नाही, मद्य वैध ठरले नाही. तरीही एका माणसात व्यसन आणि प्रेम एकत्र नांदू शकतात, ही साक्ष दिली गेली. एकाच दोषावरून संपूर्ण माणूस मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग पुरेसा आहे. लेखकाने पात्राकडे असे पाहावे. निवाडा सैल होऊ देऊ नये, पण माणूस अपुराही ठेवू नये.

‘मकामात’च्या शेवटच्या प्रसंगात अबू जैद पश्चात्ताप करतो, अशी वार्ता येते. आयुष्यभर सोंगे करणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? निवेदक हारिस स्वतः सरूजला जातो आणि त्याला उपासनेत गढलेला पाहतो. ज्याने वारंवार फसवले, त्याच्यासाठी शेवटचे दार लेखकाने उघडे ठेवले. ते बंद ठेवणे त्याच्या हातात होते.

वाचकहो, कल्पित पात्राच्या मनातले सारे काही लेखकाला ठाऊक असते, कारण ते त्यानेच मांडलेले असते. जिवंत माणसांच्या बाबतीत आपल्याला एक कोपरा दिसतो. हृदयांतील रहस्ये केवळ अल्लाह जाणतो. म्हणून आपल्या मुलांना लिहू द्या. त्यांच्या कथेत एखादा खलनायक आला, तर एवढेच विचारा, ‘हा रात्री झोपताना स्वतःला काय सांगतो?’ या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता कदाचित ते आपल्या चिडक्या चाचांविषयी, अबोल खालाविषयी आणि समोरच्या घरातील माणसांविषयीही मत बनवण्यापूर्वी थोडे थांबतील.

अल्लाह आपल्या लेखणीला सत्य आणि न्याय यांवर कायम ठेवो. आमीन.