अन्नाचा मान आणि मुलाचं पान

मूल भाजीची वाटी ढकलतं, भोकाड पसरतं, आणि घरातलं कुणीतरी दटावतं: अन्न म्हणजे देव, पानात टाकलंस तर पाप लागेल. पण अन्न पवित्र आहे म्हणून ते मुलाच्या घशाखाली उतरवण्याचा अधिकार मोठ्यांना मिळतो का? या दटावणीमागे ज्या परंपरेचं बळ आहे, ती तरी तसं सांगत नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत भृगू ब्रह्म जाणून घ्यायला वडिलांकडे, वरुणाकडे जातो. वरुण खूण सांगतो, शोध मात्र मुलावर सोपवतो. भृगूला आधी अन्न हे ब्रह्म म्हणून उमगतं, मग प्राण, मन, विज्ञान आणि शेवटी आनंद. दर खेपेला तो परत येतो आणि बाप त्याला पुन्हा तपालाच धाडतो. अन्नाची निंदा न करण्याचं व्रत येतं ते या सगळ्यानंतर. ते ज्याचं त्यानं घ्यायचं. तीन वर्षांच्या पोराच्या वतीनं आजीनं घेऊन भागत नाही.

शिवाय सक्तीनं हे व्रत मोडतंच. गॅलोवे, बर्च आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात लहान मुलांना सूप संपवण्याचा आग्रह केला, तेव्हा ती आग्रहाविना जेवढं पीत त्याहून कमी प्याली, आणि त्या सुपाला नावंही जास्त ठेवू लागली. म्हणजे अन्नाचा मान राखायला केलेल्या आग्रहातून अन्ननिंदाच उपजली. साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी चवीची धास्ती स्वाभाविक असते. तोच पदार्थ पुन्हा पुन्हा, गाजावाजा न करता समोर आला की ती बऱ्याचदा ओसरते.

यावर कुणी म्हणेल, मग काय पोराच्या तालावर नाचायचं? मुळीच नाही. काय शिजणार आणि पानं कधी मांडायची हे मोठ्यांनीच ठरवावं. किती खायचं, खायचं की नाही, एवढंच मुलाकडे. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली ही वाटणी मला रास्त वाटते. थयथयाट केला म्हणून बिस्किटाचा पुडा निघणार नाही, आणि नको म्हटलं म्हणून बोलणीही बसणार नाहीत. (वजन घटत असेल किंवा घास अडकत असेल तर डॉक्टरच गाठावा.) जिथे अनेकांना पोटभर मिळत नाही तिथे अन्न वाया घालवायचं का, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण उरलेला भात मुलानं कोंबून घेतल्यानं दुसऱ्या कुणाची भूक भागत नाही. नासाडी टाळायची तर चमच्याभरानं वाढावं, मागितलं तर पुन्हा वाढावं. पान भरतो आपण, आणि पाप मात्र त्याच्या माथी मारतो.