बापाच्या देशातून निसटलेला मुलगा

पोलिश साहित्यात परागंदा होणं ही जवळजवळ दीक्षाच होती. १७९५ साली तिसऱ्या फाळणीत पोलंड नकाशावरून पुसला गेला. १८३०चा उठाव रशियाने चिरडला आणि हजारो माणसं पॅरिसच्या वाटेला लागली. त्यांच्यातल्याच आदाम मित्स्क्येविचने १८३२ साली या परागंदांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. पोलंड म्हणजे राष्ट्रांमधला ख्रिस्त, तो पुन्हा उठणार, आणि तुम्ही त्याचे यात्रेकरू, असा त्याचा सूर. दोन वर्षांनी त्याचं ‘पान तादेऊश’ आलं, तेही पॅरिसमध्येच. (पोलंडचं हे राष्ट्रीय महाकाव्य सुरू होतं ते लिथुआनियाला हाक घालून, ही गंमत वेगळीच.) हातून गेलेला देश शब्दांत जपायचा, हा वसा पुढच्या पिढ्यांनी निष्ठेने चालवला.

या वशातून निसटू पाहणारा लेखक व्हितोल्ड गोम्ब्रोविच १९३९च्या ऑगस्टमध्ये ‘ख्रोब्री’ जहाजातून ब्युनोस आयर्सला उतरला. नव्या जहाजाच्या सफरीसाठी बोलावलेला पाहुणा होता तो. दहा-बारा दिवसांत हिटलरने पोलंडवर हल्ला केला. गोम्ब्रोविच परत गेला नाही, आणि अर्जेंटिनातला हा मुक्काम १९६३पर्यंत लांबला. मधली काही वर्षं तो तिथल्या पोलिश बँकेत कारकुनी करत होता. त्याच दिवसांत त्याची ‘ट्रान्स-अटलांटिक’ ही कादंबरी लिहून झाली.

कादंबरीचा निवेदकही गोम्ब्रोविचच. जहाजातून काढता पाय घेतो आणि मायदेशी निघालेल्या देशबांधवांना मनातल्या मनात शिव्या हासडतो. पोलिश वकिलातीतला मंत्री आधी त्याला झटकतो, मग लेखक म्हटल्यावर ‘थोर प्रतिभावंत’ म्हणून मिरवतो. तिकडे देश कोसळतोय आणि इकडे शौर्याच्या बाता चालल्यात. पुढे एक वृद्ध पोलिश बाप आपल्या तरुण मुलावर डोळा ठेवणाऱ्या गोन्झालो नावाच्या गृहस्थाला द्वंद्वाचं आव्हान देतो. पिस्तुलात गोळ्याच नसतात! परदेशी पाहुण्यांना पोलिश मर्दुमकी दिसावी म्हणून मंत्री तिथूनच सशाच्या शिकारीचा लवाजमा काढतो. ससेही नसतात.

पोकळ पिस्तुलातून सुटणारे बार, हे अर्थात सगळ्या कादंबरीचं मर्म. पण मला त्याहून मोठी खोडी वाटते ती भाषेची. गोम्ब्रोविचने ही सगळी कथा सतराव्या शतकातल्या पोलिश उमरावाच्या बोलीत, मेजवानीनंतर मिशीला पीळ देत सांगावी तशी सांगितली आहे. ज्या परंपरेतून निसटायचं, तिचाच अंगरखा घालून हा गृहस्थ पळतोय.

आणि पळून जायचं तरी कुठे? गोन्झालोचा प्रश्न असतो की बापाच्या देशाला मुलाने जन्मभर का बांधून घ्यावं, मुलांचाही एखादा देश का असू नये. प्रश्न बिनतोड आहे. पण याच गोन्झालोच्या वाड्यात पुस्तकं इतकी साचलीत, की ती वाचायला त्याने पगारी माणसं ठेवलीत. वस्तूंची नुसती भाऊगर्दी, कशाला आकार म्हणून नाही. त्यामुळे बापाला डावलून मुलाला देव्हाऱ्यात बसवणारी ही कादंबरी नाही. अखेरीस रक्त सांडायच्या बेतात असताना सगळे खदखदून हसत सुटतात आणि गोष्ट संपते.

पॅरिसजवळून निघणाऱ्या ‘कुल्तुरा’ मासिकात १९५१ साली काही भाग छापून आले आणि परागंदा वाचक खवळले. तो राग मला अगदीच आडमुठा वाटत नाही. असे परागंदा आपल्याकडेही होते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळीवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका-मुलं, सोव्हिएत राजवटीने घरादारातून उचलून दूर पूर्वेला नेलेली आणि पुढे इराणमार्गे इथवर पोचलेली. त्यांनी इथे पोलिश शाळा चालवल्या, चर्च उभं केलं, सण पाळले. ज्यांचं बाकी सगळं गेलं, त्यांना ‘या देशाच्या ओझ्यातून मोकळे व्हा’ हे कुणी सांगायचं? अर्जेंटिनात बसलेल्या माणसाने तर नक्कीच नाही, असं त्यांच्यापैकी कुणी म्हटलं असतं तर ते चुकीचं ठरलं नसतं.

गोम्ब्रोविचलाही ही अडचण कळत असावी. १९५३ साली ‘कुल्तुरा’चे संपादक गेद्रोइच यांनी कादंबरी पुस्तकरूपात काढली आणि त्याच वर्षी ‘कुल्तुरा’त गोम्ब्रोविचची ‘डायरी’ सुरू झाली. कादंबरीत जी टवाळी होती, तिचं तिथे सबुरीच्या वादात रूपांतर झालं. पोलिशपण टाकून देऊ नका, फक्त त्याच्यापासून हातभर लांब उभे राहा, म्हणजे त्याच्याकडे नीट पाहता येईल, अशा वळणाचा तो वाद. १९६९ साली फ्रान्समध्ये मृत्यू येईपर्यंत तो चालूच राहिला, पोलंडला मात्र गोम्ब्रोविच कधीच परतला नाही. २००७ साली तिथल्या शिक्षणमंत्र्याने शालेय वाचनातून गोम्ब्रोविचला वगळण्याचा घाट घातला, तेव्हा त्याच्या बाजूने ओरडणारे पोलंडमध्येच पुष्कळ निघाले.